सावंतवाडीचा पांगुळगाडा फ्लॅटच्या फरशीवर

पांगुळगाडा घ्यायचा की नाही, हे बाळाच्या वयाआधी घरातल्या फरशीला विचारावं. हे खेळणं घडलं ते सारवलेल्या अंगणासाठी, कोकणातल्या खळ्यासाठी, ओसरीवरच्या खडबडीत फरशीसाठी. तिथे लाकडी चाकाला जमिनीची थोडी ओढ लागायची. बाळाने ढकललं की गाडा वीतभर सरकून थांबायचा, बाळ पाऊल उचलायचं, मग पुन्हा वीतभर. तोच गाडा आज गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर ठेवला की बाळाच्या हातांचा भार पडताच सुळकन पुढे पळतो. हात गाड्याबरोबर जातात, पाय मागे राहतात आणि बाळ सरळ साष्टांग दंडवत घालतं. पहिल्याच दिवशी असं दोनदा झालं की गाड्याची रवानगी माळ्यावर होते, आणि "हल्ली पूर्वीसारखे गाडे मिळत नाहीत" असा निकाल घरात लागतो. गाडा बहुतेक वेळा पूर्वीसारखाच असतो, बदललेली असते ती खालची जमीन. तेवढी दुरुस्ती अर्ध्या दिवसात होते आणि खर्चही फारसा येत नाही. ती केली तर चालायला लागलेल्या बाळाच्या घरात इतकी मजा देणारी दुसरी वस्तू नाही, असं माझं ठाम मत आहे.

इथे विचार केलाय तो पारंपरिक तीनचाकी गाड्याचा. सावंतवाडीच्या चितारआळीत रंगीत लाकडी फळं, भाज्या, भातुकली, पाट यांच्या शेजारी तो दिसतो. दोन चाकं बाळाच्या बाजूला, एक पुढे, मध्ये त्रिकोणी सांगाडा, त्यावर दोन उभ्या दांड्या आणि धरायला एक आडवी दांडी. लाल, पिवळा, हिरवा असा रंग. काहींना चाकाबरोबर टकटक वाजणारी फळी असते, काहींना लाकडी पोपट, काहींना घुंगरं. हस्तकला प्रदर्शनांतून आणि ऑनलाइनही तो मिळतो. आकार, लाकूड आणि रंगकामाप्रमाणे साधारण सातशे ते दीड हजार रुपये धरून चालावं. चांगल्या सुताराकडून करून घेतला तर थोडा महाग पडेल, पण मापं आपल्या मनासारखी मिळतील.

दुकानात टेप घेऊन जा

पहिलं माप आडव्या दांडीच्या उंचीचं. जमिनीपासून 42 ते 46 सेंटीमीटर असावी. वर्षाच्या बाळाची उंची साधारण 74 ते 76 सेंटीमीटर असते. एवढ्या उंचीच्या दांडीवर हात ठेवला की कोपर किंचित वाकलेलं राहतं आणि दांडी बेंबी आणि छातीच्या मध्ये येते. पन्नासच्या पुढची दांडी घेतली तर बाळ ढकलण्याऐवजी लोंबकळतं, खांदे कानाला लागतात. फार बुटकी असली तर ते पुढे ओणवं होतं आणि सगळा भार गाड्यावर जातो. "थोडा मोठाच घेऊ, पुढे कामाला येईल" हा कपड्यांचा हिशेब इथे लावू नये. गाड्याचा खरा उपयोग चार-पाच महिन्यांचा असतो आणि तो त्याच उंचीत होतो.

दांडीची जाडी 2 ते 2.5 सेंटीमीटर. बाळाच्या मुठीचा अंगठा बोटांना टेकला पाहिजे. त्याहून जाड दांडीवर हात नुसता ठेवलेला राहतो आणि घाम आला की सटकतो. मागच्या दोन चाकांमधलं अंतर 35 सेंटीमीटर तरी हवं, म्हणजे बाळाची पावलं चाकांना न अडखळता मधे पडतात. चाळीसच्या पुढे जाऊ नये, नाहीतर जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्यांमध्ये तो अडकून बसतो.

आता सगळ्यात महत्त्वाची परीक्षा, आणि ती दुकानातच करायची. गाडा जमिनीवर ठेवा, आडव्या दांडीवर चार बोटं ठेवून सरळ खाली दाबा, मग तसंच दाबत थोडं आपल्याकडे ओढा. पुढचं चाक उचललं गेलं तर तो गाडा ठेवून द्या. कारण बाळ गाड्याचा पहिला वापर ढकलायला करत नाही, बसल्या जागेवरून उभं राहायला करतं. ते दांडीला लोंबकळून स्वतःला वर ओढतं. दांडी मागच्या आसाच्या मागे झुकलेली असेल तर त्या ओढीने अख्खा गाडा बाळाच्या अंगावर येतो. चांगल्या गाड्यात दांडी मागच्या आसाच्या निदान चार-पाच सेंटीमीटर पुढे असते.

लाकूड नखाने तपासा. सावंतवाडीची फळं-भाज्या करायला पांगाऱ्यासारखं हलकं लाकूड वापरतात आणि त्यांना ते शोभतंही. चाकाला मात्र ते चालत नाही. अंगठ्याचं नख दाबल्यावर खोलगट खूण राहिली तर तसलं चाक टाइल्सच्या सांध्यांवरून फिरून महिन्याभरात कडेला झिजतं आणि गाडा लंगडतो. चाकाला आंबा, फणस, शिवण किंवा सागवान असावं. चाक आणि सांगाडा यांच्यातली फटही बघून घ्या: पाच मिलिमीटरपेक्षा कमी किंवा बारापेक्षा जास्त. मधल्या मापाच्या फटीत बाळाचं बोट शिरतं आणि अडकतं. शेवटी कापसाचा बोळा घेऊन सगळ्या कडांवरून, विशेषतः दांडीच्या खालच्या अंगाने फिरवा. तंतू जिथे अडकेल तिथे कूस आहे. तेवढ्यावर गाडा नाकारायचं कारण नाही. घरी आधी 120 नंबरचा आणि मग 220 नंबरचा पॉलिश पेपर फिरवला की भागतं. चुका (बारीक खिळे) वर आलेल्या असतील तर मात्र दुकानदाराकडूनच ठोकून घ्या.

घुंगरं, मणी, पोपटाची चोच, जे जे वेगळं बसवलंय ते ओढून बघा, अगदी जोर लावून. बाळ तुमच्याहून जास्त चिकाटीने ओढणार आहे. सैल निघालं तर काढूनच टाका. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यात सव्वातीन सेंटीमीटरपेक्षा लहान सुटा भाग नको, हा जगभरचा नियम आहे आणि घशाच्या मापावरून आलेला आहे.

रंगाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ही दांडी चाटली जाणार, चावली जाणार. ज्या महिन्यांत बाळ उभं राहतं त्याच महिन्यांत दात येत असतात, आणि दांडी तोंडाच्या आवाक्यात असते. पांढरं ओलं फडकं घेऊन दांडीवर वीस-तीस वेळा घासा. रंग उतरला तर घेऊ नका. पण रंग उतरला नाही म्हणजे त्यात शिसं नाही, असं नव्हे, ते डोळ्यांनी कळत नाही. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत दहा लाख भागांत 90 पेक्षा जास्त शिसं नको, हा नियम भारतात 2016 साली झाला आणि नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्यामुळे नव्या गाड्यावर नेहमीच्या कंपनीचा घरगुती रंग आहे का, की लाख चढवली आहे, हे कारागिराला सरळ विचारावं. तो सांगतो, आणि अभिमानाने सांगतो. ऑनलाइन घेताना आयएसआय खूण बघावी. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना ती सक्तीची आहे. नोंदणी झालेल्या हस्तकारागिरांना तिच्यातून सूट आहे, म्हणून चितारआळीतल्या गाड्यावर खूण नसली तर बिचकू नये, तिथे विचारपूस हीच तपासणी.

आजोळच्या माळ्यावरचा जुना गाडा हा नाजूक विषय. बाळाच्या आईने ज्याला धरून पहिलं पाऊल टाकलं तोच गाडा बाळाला द्यावा, असं सगळ्यांनाच वाटतं. पण तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या रंगात शिसं असण्याची शक्यता दाट, आणि घरात पॉलिश पेपरने तो रंग घासायला गेलं तर तीच भुकटी हवेत आणि फरशीवर येते, म्हणजे दुखणं वाढतंच. तो गाडा पुसून दिवाणखान्यात उंचावर ठेवा, त्याच्याबरोबर फोटो काढा. बाळाला नवा घ्या.

गाड्याला फरशीची सवय लावणं

दोन दोष दूर करायचे असतात: वेग आणि आवाज. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि इथेच बरेच जण चुकतात. चाकांना रबर लावलं की गाडा हळू होईल असं वाटतं. रबराने घसरणं थांबतं, खडखड कमी होते, वेग मात्र फारसा उतरत नाही. वेग उतरतो तो आसाजवळ.

चाक बोल्टावर बसवलं असेल तर काम सोपं. जुन्या चामडी चपलेच्या तळाचे रुपयाच्या नाण्याएवढे गोल तुकडे कापा, मधे भोक पाडा, आणि चाक व सांगाड्याच्या मधे एकेक घालून नट आवळा. चामडं चाकाला घासतं आणि तोच ब्रेक होतो. चाक लाकडी खुंटीवर असेल तर खुंटीभोवती सुती कापडाची बोटभर रुंद पट्टी दोन वेढे गुंडाळा. किती आवळायचं, याचं माप फरशीच देते. गाडा एका दोन फुटी टाइलच्या कडेला ठेवा, एका बोटाने हलकेच पुढे ढकलून सोडून द्या. ती टाइल संपायच्या आत तो थांबला पाहिजे. दोन टाइल पार करत असेल तर अजून आवळा. दोन्ही मागची चाकं सारखी आवळा, नाहीतर गाडा बैलघाण्यासारखा गोल फिरतो आणि बाळही त्याच्याबरोबर फिरत राहतं. बाळाला त्याची काही तक्रार नसते, पण एका पायावर सतत भार पडतो.

आवाजासाठी पंक्चरवाल्याकडून सायकलची टाकाऊ ट्यूब आणा. तो बहुधा पैसे घेत नाही. चाकाचा व्यास 9 सेंटीमीटर असेल तर घेर 28 च्या थोडा वर येतो. पट्टी 27 सेंटीमीटर कापा, म्हणजे ती ताणून बसेल, आणि रुंदी चाकाच्या जाडीएवढी. टोकं तिरकी कापा. सरळ कापली तर सांधा दर फेरीला ठक्कन वाजतो. पंक्चरचं सोल्यूशन चाकाला आणि पट्टीला, दोन्हीकडे लावून पाच मिनिटं सुकू द्या, मग चिकटवा आणि एक दिवस बाळापासून लांब ठेवा. घाई करून छोट्या चुका मारणं हा नेहमीचा घोटाळा. रबर पुढेमागे सुटतंच, चूक चाकात राहते, फरशीवर ओरखडे उठतात आणि एखाद दिवशी ती कुणाच्या तरी तळपायात जाते.

तिसरी गोष्ट वजन. रिकामा गाडा दोन-अडीच किलोचा, बाळ नऊ-दहा किलोचं. एक किलो कोरडी वाळू दुहेरी शिवणीच्या जाड कापडी पिशवीत भरून सांगाड्याच्या मधोमध घट्ट बांधा. अगदी पुढच्या चाकावर बांधली तर गाडा मागे उलटत नाही हे खरं, पण पुढे एकच चाक असल्याने तो कुशीवर कलंडायला लागतो. मधली जागाच बरी. वाळूऐवजी तांदूळ किंवा डाळ भरू नये. पावसाळ्यात किडे होतात आणि मुंग्यांची रांग लागते, शिवाय पिशवी उसवली की पुढचा अर्धा तास बाळ तांदूळ एकेक करून वेचतं आणि मोठी माणसं त्याच्या तोंडातून ते काढत बसतात.

वळण कोणी द्यायचं

आता घरात काय होतं ते. पारंपरिक गाड्याचं पुढचं चाक सरळ बसवलेलं असतं. गाडा जातो, वळत नाही. बाळ फ्रिजपाशी पोचतं आणि अडतं. पुढची अर्धी मिनिटं जवळ बसून बघण्यासारखी असतात. आधी ते जोर वाढवतं. बोटांची पेरं पांढरी पडतात, टाचा उचलल्या जातात, लाळेची तार दांडीवर उतरते. मग थांबतं आणि मान वर करून फ्रिजकडे बघतं, आता हा बाजूला होईल अशा पक्क्या विश्वासाने. फ्रिज हलत नाही. मग ते सावकाश मागे वळून घरातल्या माणसांकडे नजर टाकतं, त्यातला सगळ्यात लवकर कोण उठतो हे त्याला बरोबर ठाऊक असतं, आणि त्या माणसाच्या डोळ्यात बघून भोंगा सुरू होतो. आजोबा उठतात, गाडा उलटा फिरवतात, बाळाचे हात दांडीवर ठेवतात. भोंगा अर्ध्यावर तुटतो, बाळ हसत समोरच्या भिंतीकडे निघतं. हॉल बारा फुटांचा. मिनिटभरात समोरची भिंत येते.

ही पाळी रोज संध्याकाळी पंधरा-वीस वेळा येते, तेव्हा घरात वाटून घ्यावी. आणि एक गोष्ट कटाक्षाने पाळावी: बाळाला उचलून वळवू नका, गाडा वळवा. गाड्याची मागची बाजू दोन बोटं उचलून, बाळाला दिसेल अशी हळू फिरवा. ते बघत असतं. दोन-चार आठवड्यांत त्याचे स्वतःचे प्रयोग सुरू होतात. आधी ते खाली बसतं, रांगत गाड्याच्या पुढे जातं आणि नाकाच्या बाजूने ढकलायला बघतं. तिथे दांडी नसल्याने उभ्या दांड्यांना मिठी मारतं आणि गाडा कुशीवर जातो. या आठवड्यात एक माणूस हाताच्या अंतरावर हवाच. मग कधीतरी ते दांडीला एका बाजूने झटका देतं, मागचं चाक किंचित उचलतं, गाडा फ्रिजपासून तिरका होतो. त्या वेळी बाळाचा चेहरा बघावा. घरातल्या सगळ्यांना बोलावून तीच करामत ते पुन्हा करतं, यावेळी गाडा होता तसाच फ्रिजला जाऊन भिडतो, तरी टाळ्या मिळतातच.

बाळ ढकलण्याच्या कामाला सरावलं की मालवाहतूक सुरू होते. कांद्याच्या टोपलीतून दोन कांदे, एक चप्पल (कधीही जोडी नाही, एकच), आजीच्या चष्म्याचं घर, टीव्हीचा रिमोट. मालाची जागा म्हणजे वाळूच्या पिशवीचा माथा. म्हणून ती पिशवी वरून सपाट बांधावी, आणि घरातलं काही सापडत नसलं की आधी गाडा बघावा. कांद्याची सालं दाखवतात त्या वाटेने गेलं की बाळही सापडतं. बटाटे चालतात, लिंबू चालतं. औषधांचा डबा आणि मोबाइलचे चार्जर मात्र या दिवसांत तीन फुटांच्या वर गेलेच पाहिजेत, कारण आता बाळाचा हात टीपॉयच्या मध्यापर्यंत पोचतो.

आवाज कमी करावा, पण बंद करू नये. वाजणारा गाडा म्हणजे घराला घातलेली घंटा. स्वयंपाकघरात पोळ्या लाटतानाही खडखडीवरून कळतं की बाळ बेडरूमच्या दारात आहे, की देवघरापाशी. उठून जायचं ते आवाज थांबल्यावर. आवाज थांबला आणि भोंगाही नाही, म्हणजे बाळाला गाड्यापेक्षा चांगलं काहीतरी सापडलंय: झाडाच्या कुंडीतली माती, देवापुढची साखर, किंवा पाण्याची बादली. बादली असेल तर धावत जा. या वयाच्या बाळाला वीतभर पाणीही धोक्याचं असतं. खालच्या मजल्यावर माणसं राहत असतील तर दुपारी दोन ते चार गाडा उचलून ठेवावा, आणि त्यांना एकदा बाळासकट भेटून यावं.

जमिनीवर पान मांडून जेवणाऱ्या घरांत गाडा जेवणाआधी बाहेर काढावा. बाळाला ताटांची रांग म्हणजे मोकळा रस्ताच वाटतो. नऊवारीचा ओचा, ओढणी, जमिनीवर पसरलेले मोठ्या बहिणीचे केस, हे सगळं चाकाच्या आसात ओढलं जातं. पाहुण्यांच्या पायाच्या अंगठ्यांना आधीच सावध केलेलं बरं, साडेतीन किलोचा गाडा लागतो.

पडणं कुठे होतं

बहुतेक वेळा तीन जागी. उंबरठा किंवा दाराखालची संगमरवरी पट्टी: एक सेंटीमीटरचा उंचवटासुद्धा पुढचं चाक अडवतो आणि बाळ दांडीवरून पुढे जातं. त्या दाराला तात्पुरतं फळकूट आडवं लावा. सतरंजीची कड: ती पहिले दोन महिने गुंडाळूनच ठेवा. आणि नुकतीच पुसलेली फरशी. पुसल्यावर पूर्ण वाळेपर्यंत गाडा नाही. जिना असलेल्या घरात जिन्याच्या तोंडाशी फाटक नसेल तर गाडाच नको, इथे दुसरा विचार नाही.

पाय अनवाणी हवेत. मोजे घसरतात, आणि तळव्यांना जमीन कळल्याशिवाय तोल येत नाही. जाड डायपरमध्ये पाय फाकतात, तेव्हा घरात गाड्याच्या वेळेला लंगोट किंवा नुसती चड्डी बरी. पुढे ओली फरशी पुसावी लागते, पण पाऊल नीट पडतं.

पावसाळ्यात लाकूड फुगतं. एखादं चाक अडकलं तर तेल सोडू नका. लाकूड ते पितं, वर धूळ धरते आणि आस आणखी जड होतो. चाक काढा, खुंटीवर साध्या मेणबत्तीचं मेण घासा, परत बसवा. आठवड्यातून एकदा सगळे नट हाताने फिरवून बघावेत. बाळ तेच करत असतं.

किती महिन्यांचं झाल्यावर

गाडा चालायला शिकवत नाही. चालणं बाळाचं बाळ शिकतं, गाडा त्याला सरावाची आणि मिरवण्याची जागा देतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्यात भारतातली मुलंही होती, आधाराशिवाय चालायला लागण्याचा नेहमीचा काळ 8.2 ते 17.6 महिने असा दिसला. एवढी मोठी तफावत असताना शेजारच्या बाळाशी तुलना करून गाडा लवकर आणण्यात काही अर्थ नाही. त्याच अभ्यासात शंभरातली चारेक मुलं हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत. काही मुलं बुडावर सरकत जातात आणि एक दिवस उभी राहतात. गाडा द्यायची खूण एकच: बाळ स्वतः धरून उभं राहतं आणि सोफा किंवा भिंत धरून बाजूला चार पावलं टाकतं. त्याआधी आपण बगलेत धरून उभं करून गाडा देऊ नये. एका वेळी पंधरा-वीस मिनिटं पुरे. दीड वर्षाचं झालं आणि आधाराशिवाय चालत नसेल तर गाड्याच्या भरवशावर न राहता बालरोगतज्ज्ञांना दाखवावं.

दुसरे पर्याय थोडक्यात. चार चाकांची लाकडी पेटीसारखी ढकलगाडी जास्त स्थिर असते, मागे उलटत नाही, ठोकळे ठेवायला जागा असते. लहान घरात मात्र ती फार जागा खाते आणि फिरवायला जड जाते. मोठा हॉल असेल तर ती घ्यावी. दिवे आणि गाणी असलेल्या प्लॅस्टिकच्या गाड्या वजनाला हलक्या, काहींना चाक घट्ट करायची कळ असते ती उपयोगी. पण बरीच मुलं त्यांच्यासमोर बसून बटणंच दाबत राहतात. गाणं ऐकायचं असेल तर उभं राहायची गरज उरत नाही.

आणि गोल चौकटीत बसवून पायाच्या बोटांनी ढकलायचा वॉकर, जो बारशाला हमखास भेट येतो, तो वापरू नये. त्यात बाळाला स्वतःची पावलं दिसत नाहीत, तोल सांभाळावा लागत नाही, चालणं त्याने लवकर येत नाही, आणि त्यात बाळ एका सेकंदात तीन फुटांहून जास्त पुढे जाऊ शकतं. जिन्यावरून पडणं, गरम चहापर्यंत हात पोचणं हे त्यातूनच होतं. कॅनडाने 2004 साली त्याच्या विक्रीवर बंदी घातली, अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही बंदीची मागणी करत आली आहे. भेट देणाऱ्या आत्याला किंवा मावशीला आधीच पांगुळगाडा सुचवावा, उंचीच्या मापासकट.

गाडा आल्यावर साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात एक दिवस असा येतो. बाळ गाडा ढकलत टोपलीपाशी जातं, दोन्ही हातांत एकेक कांदा घेतं, वळून दाखवायला आपल्याकडे बघतं, आणि दांडीला हात नाहीये हे त्याच्या लक्षातच येत नाही. ते उभं असतं, आधाराशिवाय, दोन कांदे घेऊन. अशा वेळी ओरडू नये, टाळ्या वाजवू नयेत. दचकलं की ते बसतं आणि कांदे गडगडत जातात. शांत बसून हात पुढे करावा, जणू कांदे मागतोय. पुष्कळ मुलं पहिली दोन पावलं त्या हाताकडे टाकतात.

त्यानंतरही गाडा वर्षभर घरात राहतो, बाहुलीची वरात न्यायला आणि आजोबांनी ओढायची बस म्हणून. बसून ओढायला तो घडवलेला नाही, नऊ-दहा किलोंचा भार मधल्या फळीवर पडला की सांधे ढिले होतात, तेव्हा ते खेळणं थोडक्यात आवरावं. पुढच्या बाळासाठी ठेवताना वाळूची पिशवी आणि रबराच्या पट्ट्या काढून टाका. रबर माळ्यावरच्या उन्हाळ्यात वितळून लाकडाला चिकटतं. चामड्याच्या चकत्या एका पुडीत घालून दांडीला बांधा, गाडा कोरड्या जुन्या सुती साडीत गुंडाळा, आणि दांडीची उंची कागदावर लिहून आत टाका. पुढच्या घराची फरशी वेगळी असेल, तेव्हा एका टाइलची चाचणी तिथे नव्याने करावी.